पाठीवरचा वारा

शनिवार, ३१ मे. झिंडेलफिंगेन

नवी सायकल आली. जावयाने आणली, खास माझ्यासाठी. प्रणवराव तसे कमी बोलणारे, पण त्यांनी ती खोक्यातून काढून, पुसूनबिसून माझ्यापुढे उभी केली तेव्हा मलाच बोलता येईना. "लिहून ठेवा हो आजची तारीख," सरला लगेच म्हणाली. "इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा गप्प बसलात." म्हणून लिहून ठेवतोय.

सायकल राखाडी रंगाची. फ्रेम जाड, मागच्या चाकाचं हब तर चांगलं मुठीएवढं. माझा जन्म टूलरूममध्ये गेला, धातू दिसला की हात आपोआप तिकडे जातो. उचलून बघितली. जड. "जर्मन लोक कशातच धातू कमी घालत नाहीत," मी म्हणालो. प्रणवराव "गेनाऊ, बाबा", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले आणि घाईघाईने पुठ्ठे आवरायला लागले. हब उघडायचं नाही, वॉरंटी जाते, अशी मला ताकीद आहे. दांडीवर एक बटण आहे, ते दिव्याचं. त्याचंही सगळं प्रणवरावच बघणार.

दहा तारखेपासून त्यांना आणि आमच्या उर्जाला सुट्टी. सीमेवरच्या केल गावापर्यंत ट्रेनने, तिथून पूल ओलांडून फ्रान्स, मग अल्सासच्या द्राक्षमळ्यांतून सायकलने दक्षिणेला आणि शेवटी ऱ्हाइन पुन्हा ओलांडून जर्मनीत ब्रायझाखला. लेकीने सगळं आखलंय. सरलासाठी भाड्याची इ-बाइक. बॅटरी मागे जेवणाच्या डब्यासारखी बसते. मी तिचं नाव "बॅटरीबाई" ठेवलंय.

मला ही सहल नाही, परीक्षा आहे. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसल्यापासून घरातले मला काचेच्या बरणीसारखे जपतात. डिसेंबरात आमचं पहाटफेरी मंडळ पुण्याहून कन्याकुमारीला सायकलने जाणार आहे, आणि मला जायचंय. सदुसष्टाव्या वर्षी नाही गेलो तर कधी जाणार? सरलाचं "नाही" ठरलेलंच. म्हणून काल जेवताना मी जाहीर करून टाकलं, की अल्सासचे चढ मी पाय न टेकता चढलो तर डिसेंबरात कोणी आडवं यायचं नाही. उर्जा आईकडे बघत राहिली. सरला म्हणाली, "चालेल." इतक्या चटकन, की मी तयार करून ठेवलेले सगळे मुद्दे वाया गेले.

बुधवार, ४ जून

शोनबुखच्या जंगलात सराव. तिथला मोठा चढ मी एका दमात चढलो आणि प्रणवराव मागे राहिले! पस्तिशीचा माणूस, रोज जिमला जाणारा, आणि मागे! वर पोचून मी उगाच घड्याळाकडे बघत उभा राहिलो. तहान लागली होती, पण पाणी प्यायलो नाही. दिसायला बरं दिसतं.

टूलरूमची सवय म्हणून निरीक्षणं लिहितो. पायडल मारलं की क्षणभराने सायकलच्या अंगात येतं. हे उत्तम बेअरिंगचं लक्षण. सपाटीवर मात्र पंचविसाच्या पुढे वेग गेला की कोणीतरी मागून कॅरिअर धरल्यासारखी जड होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, हे मी प्रणवरावांना बाकावर बसवून समजावलं. ते मान डोलावून ऐकत होते. गाड्यांच्या कारखान्यात काम करतात, पण ह्या पिढीला मूळ तत्त्वं कोणी शिकवलेलीच दिसत नाहीत.

एक गोष्ट फक्त ह्या वहीत. चढावर कानात बारीक गुणगुण होते. सपाटीवर वेग घेतला की थांबते. सरलाला सांगणार नाही, ती लगेच डॉक्टर गाठेल.

मंगळवार, १० जून. श्ट्रासबुर्ग

पुलाच्या मधोमध एक पाय जर्मनीत आणि एक फ्रान्सात ठेवून फोटो काढला. उर्जा हसत होती. लहानपणी माझ्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायची तेव्हा अशी हसायची. दिवसभर कालव्याच्या काठाने राडवेग, म्हणजे खास सायकलींचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, रस्ता गुळगुळीत. ह्याला सायकल चालवणं म्हणायला मला लाज वाटते. चढ येऊ देत.

गुरुवार, १२ जून. दांबाख

आले चढ! आणि गेले! मी एकदाही पाय टेकला नाही.

ही गावं बघून माणूस खुळा होईल. लाकडाच्या तिरक्या तुळया बाहेरून दिसणारी घरं, कुणी हळदीच्या रंगाचं, कुणी विटकरी, प्रत्येक खिडकीत फुलं, आणि वेशीच्या बुरुजावर करकोच्यांचं घरटं. गावांची नावं जर्मन आणि माणसं बोलतात फ्रेंच. दोन्ही देशांनी इतक्यांदा ओढाताण केल्यावर बिचाऱ्या गावांनी तरी काय करावं?

पण आजची खरी गोष्ट वेगळीच आहे. मळ्यांमधल्या उभ्या चढावर एक जर्मन जोडपं सायकली हातात धरून चालत होतं. साठीचे असतील. मी त्यांच्या शेजारून सहज वर गेलो. वर पोचल्यावर तो माणूस धापा टाकत आला, माझ्या सायकलकडे बघून डोळा मिचकावला आणि म्हणाला, "आइनगेबाउटर रुकनविंट, वास?" मी जर्मनच्या दोन परीक्षा पास आहे. रुकनविंट म्हणजे पाठीवरचा वारा, आइनगेबाउट म्हणजे आत बसवलेला. ह्या माणसाच्या अंगातच वारा आहे! इतकी सुंदर दाद मला आजवर कोणी दिली नव्हती. मी छाती पुढे काढून म्हणालो, "या, गेनाऊ! फॉन गेबुर्ट आन!" म्हणजे जन्मापासून. दोघं पोट धरून हसले, त्याने माझी पाठ थोपटली. मागून येणाऱ्या सरलाला त्याच वेळी जोराचा ठसका लागला. बॅटरी असून हिला दम लागतो.

वर पोचल्यावर तिने टाळ्या वाजवल्या. "जमतंय की हो तुम्हाला," म्हणाली.

मुक्कामी पोचल्यावर मी सायकल पुसायला घेत होतो, तर प्रणवरावांनी ती ओढून शेडमध्ये नेली. सरला म्हणाली, "चला, आपण फिरून येऊ." गेलो.

शुक्रवार, १३ जून

राजाभाऊंना फोन केला. आमच्या मंडळाचे ते सर्वेसर्वा, यादी त्यांच्याच हातात. मी अंगातल्या वाऱ्याची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, डिसेंबरला माझं नाव घाला. वाटलं होतं की स्टेंटचं काढतील, सर्टिफिकेट मागतील. पण म्हणाले, "घातलं समजा. अहो, तुम्हीच कप्तान व्हा!" मला गहिवरून आलं. "फक्त ग्रुपवर आत्ता काही लिहू नका, यशवंतराव. जाहीर करताना गंमत येईल." जरा घाईत होते. पाहुणे आले असावेत.

कप्तान!

शनिवार, १४ जून. रिकविर

शांत डोक्याने एक निर्णय घेतला. कानातली गुणगुण फक्त चढावर होते, म्हणजे तिचा संबंध रक्तदाबाशी असणार. नाडी हळू करणाऱ्या गोळीच्या पाकिटातला कागद भिंगाने वाचला, त्यात "कानात आवाज" लिहिलेलं आहे. म्हणजे गोळी जास्त होतेय. दोन वर्षांपूर्वीच्या हृदयाला ती दिलेली होती, आताचं हृदय वेगळं आहे. आजपासून अर्धी. उरलेली अर्धी कागदात गुंडाळून टाकतोय. सरलाला कळता कामा नये.

रविवार, १५ जून. कोल्मार

सायकलबद्दल आज काही लिहीत नाही.

हे संध्याकाळचं फिरणं रोजचं झालंय. मुक्कामी पोचलो, चहा झाला की सरला चपला घालून तयार. पुण्यात आम्ही बरोबर निघालो तरी ती चार पावलं मागे, हातात भाजीची पिशवी, आणि मी पुढे. इथे ती माझ्या दंडाला धरून चालते. आज कालव्याच्या पुलावर थांबलो तर तिने डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. लोक जात-येत होते तरी. मी तिला पुलाचे रिव्हेट दाखवले. तिने ते बघितलेसुद्धा. मी परत वळलो की म्हणायची, "अजून थोडं, घाई काय आहे?"

तरुणपणी मी दोन-दोन पाळ्या करायचो, तेव्हा हे राहून गेलं. आता मिळालं. देव उशिरा का होईना, देतो.

मंगळवार, १७ जून. ब्रायझाख

जसं झालं तसं लिहितो.

काल ऱ्हाइन ओलांडून इथे पोचलो. एका लहान पेन्सिओनमध्ये, घरगुती लॉजमध्ये, उतरलोय. सकाळी मी सगळ्यांच्या आधी नाश्त्याला गेलो. मालकीण सत्तरीची, गप्पिष्ट. कुठून आलात, कसे आलात, विचारत होती. मी डोंगरांकडे हात करून सांगितलं. "ह्या वयात!" ती म्हणाली. मग मी माझं वाक्य टाकलं. इश हाबे आइनगेबाउटन रुकनविंट. वाटलं, आता हिचे डोळे विस्फारणार. तिने नुसती मान हलवली आणि कॉफी ओतली. "आख सो, असं होय. माझ्याकडेही आहे. पण माझा अक्कू म्हातारा झाला, चढावर दगा देतो. तुमचा बरा आहे, काल संध्याकाळपासून चार्जिंगला लावलाय."

मी विचारलं, अक्कू? बॅटरी? कसली?

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय. तिने खिडकीतून शेड दाखवली.

माझ्या राखाडी सायकलच्या पोटाला, पायडलांच्या जरा वर, एक रबराचं झाकण उघडं होतं. त्यातून काळी वायर निघून भिंतीतल्या प्लगमध्ये गेली होती. दांडीवरच्या बटणाचा दिवा हिरवा पेटलेला. शेजारी सरलाची सायकल, तिलाही तशीच वायर. हब मुठीएवढं का, क्षणभराने अंगात का येतं, पंचविसाला कोण मागे ओढतं, कानात कोण गुणगुणतं, सगळं मला उभ्या उभ्या कळलं. मोटर. इथल्या कायद्याने मोटर पंचविसाला बंद होते, हे मीच सरलाला तिची सायकल घेताना समजावलं होतं. ते वाक्य जर्मन लोक इ-बाइकवाल्यांना चिडवायला वापरतात आणि मी "जन्मापासून" म्हणालो होतो.

बागेत टेबलाशी तिघंही आले होते. मी वायर गुंडाळून टेबलावर ठेवली.

"कुणाची कल्पना?"

"माझी, बाबा," उर्जा म्हणाली. "आल्झो, म्हणजे आमची सगळ्यांची. तुम्हाला सरळ इ-बाइक दिली असती तर तुम्ही बसला असतात?"

"नसतोच बसलो."

"मग काय करायचं होतं आम्ही? साध्या सायकलवर ते चढ? स्टेंट आहेत तुम्हाला! एवढी रिस्क कोणी घ्यायची?"

प्रणवराव म्हणाले, "बाबा, बऱ्याचदा लोएस्ट लेव्हललाच होती. पायडल तर तुम्हीच मारत होता."

"प्रणवराव, मी तुम्हाला बाकावर बसवून हवेचा रोध शिकवला."

"हो, बाबा."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

त्यांनी मान खाली घातली. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. असं मला आजवर कुणाबद्दल वाटलं नव्हतं, जावयाबद्दल तर नाहीच.

मग मी सांगून टाकलं, की कानातली गुणगुण थांबावी म्हणून मी शनिवारपासून गोळी अर्धीच घेतोय. तुमच्या मोटरचा आवाज मी माझ्या रक्ताचा समजलो. उर्जाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने उठून माझी नाडी धरली. "बाबा! असं कसं करू शकता तुम्ही? कुणाला न सांगता?"

"हो ना," मी म्हणालो. "न सांगता."

सरला एवढा वेळ टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत होती. मी तिला एकच विचारलं. "आणि ते संध्याकाळचं फिरणं?"

कण गोळा करतच ती म्हणाली, "सायकल चार्जिंगला लावायची असायची. तुम्ही तिथे असून कसं चालेल? पहिले एक-दोन दिवस तेवढ्यासाठीच हो. नंतर मला..."

"पुरे," मी म्हणालो. पुढचं ऐकून घेतलं नाही. तेही असंच काहीतरी असणार.

ती रडायला लागली. माझा हात धरून म्हणाली, "तुमची शपथ. आता काही म्हणजे काही लपवलेलं नाही."

उर्जाने समोर उभं राहून मला अख्खी गोळी घ्यायला लावली. घेतली.

बुधवार, १८ जून. ट्रेनमध्ये

उद्या कायझरस्टूलच्या टेकड्या चढायच्या होत्या. मी म्हणालो, मला घरी जायचंय. कोणी वाद घातला नाही. सायकल डब्यात प्रणवरावांनी चढवली, मी हात लावला नाही.

मोटरचा मला राग नाही. यंत्र सांगितलेलं काम करतं. राग त्या टाळ्यांचा आहे. वर पोचलो की सरला टाळ्या वाजवायची, "जमतंय की हो" म्हणायची, आणि तिला माहीत असायचं. तो पूल, तो खांदा. माझा दंड धरून ती मला शेडपासून लांब नेत होती आणि मी तिला रिव्हेट दाखवत होतो. म्हाताऱ्या माणसाला खेळवतात तसं मला माझ्या बायकोने आणि लेकीने खेळवलं. वाईट हेतू नव्हता, हे मला कळतं. कळल्याने दुखायचं थांबत नाही.

सरला समोरच्या बाकावर आहे. मधूनमधून माझ्याकडे बघते. मी लिहितोय म्हणून बोलत नाही. म्हणूनच लिहितोय.

शनिवार, २१ जून. झिंडेलफिंगेन

घरात सगळे माझ्याशी पाहुण्यासारखं वागतायत. प्रणवरावांनी सकाळी येऊन मराठीत नीट माफी मागितली, पाठ करून आले होते बहुधा. मी "असू दे" म्हणालो. सरलाशीही दोन शब्द बोललो. तिने शपथ घेतली आहे, आता काही लपवलेलं नाही म्हणाली आहे. कुठेतरी विश्वास ठेवायलाच हवा. उरलेलं आयुष्य काय असं तोंड फिरवून काढायचं?

एक काम मात्र राहिलं होतं. मी कप्तानपद खोट्यावर घेतलं होतं. दुपारी राजाभाऊंना फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "राजाभाऊ, माझ्या सायकलला मोटर होती. मला माहीत नव्हतं. यादीतून माझं नाव काढा."

 ते सुटल्यासारखे हसले. "कळलं का शेवटी? बरं झालं बाबा, माझ्या जिवाला घोर लागला होता. अहो, वहिनींनी मला मे महिन्यातच फोन केला होता. म्हणाल्या, ते विचारतील तेव्हा हो म्हणा, इकडे आल्यावर बघू काय कारण सांगायचं ते. यादीत तुमचं नाव घातलेलंच नाही हो मी. मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे, कोणी काही मनात धरणार नाही."

मी विचारलं, सगळ्यांना?

"म्हणजे, कोणी चुकून बोलू नये म्हणून सांगावं लागलं. वहिनींना मात्र सांगू नका हं, मी बोललो म्हणून."

तिचं ते "चालेल" इतक्या चटकन कसं आलं, ते मला तेव्हा कळलं. मी चढ चढलो काय आणि न चढलो काय, काही फरक पडणारच नव्हता.

दुपारभर गॅलरीत बसून राहिलो. संध्याकाळी सातला जेवायला बसलो. बाहेर लख्ख ऊन होतं. उर्जा आणि प्रणवराव बाजारात गेले होते, आम्ही दोघंच. मी ठरवलं की हिला संधी द्यायची. मंगळवारी रडून शपथ घेतली आहे, आता ही नक्की बोलेल. आणि बोलली तर मी सगळं सोडून देईन, मोटरसुद्धा, फिरणंसुद्धा. हे मी मनाशी अगदी खरं ठरवलं होतं.

"राजाभाऊंना फोन केला होता," मी म्हणालो. "मोटरचं सगळं सांगितलं त्यांना. तरी म्हणतात, नाव तसंच राहू दे. कप्तान तुम्हीच."

तिचा हात वरणाच्या पळीवर थांबला. मी थांबलो. आता बोलेल. आता म्हणेल, अहो, एक सांगायचं राहिलं.

तिने वरण वाढलं. वर तूप सोडलं. माझ्याकडे बघून छान हसली आणि म्हणाली, "मग! तुमच्याशिवाय आहे कोण त्यांच्याकडे?"

आवाज इतका मायेचा आणि खरा होता, की दुपारचा फोन झाला नसता तर मी फुलून गेलो असतो. ह्याच आवाजात तिने मला चाळीस वर्षं कितीतरी गोष्टी सांगितल्या आहेत. स्वयंपाकघरात ती भांडी आवरतेय आणि मी त्या एकेक करून आठवतोय. त्यातली एकही खोटी वाटत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटतेय.